हरणाचं मांस घरी आलं तर: त्यातलं पोषण ताटापर्यंत कसं पोचवायचं

नोव्हेंबरच्या शेवटी मला हमखास फोन येतात. “ताई, शेजारच्यांनी हरणाचं मांस दिलंय. मटणासारखंच करायचं ना?” मी विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या जवळ राहते. इथल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे पोषणाचं आणि फोडणीचं अशी दोन्ही उत्तरं माझ्याकडे मिळतील असं लोकांना वाटतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. तो संपला की शेजारी, ऑफिसातले सहकारी, मुलांच्या मित्रांचे वडील पांढऱ्या कागदात गुंडाळलेली पाकिटं आणून देतात. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही, फक्त देता येतं. पहाटेच्या थंडीत तासन् तास झाडावर बसून मिळवलेलं ते मांस असतं. खायचं नसेल तर घेतानाच स्पष्ट सांगा, देणाऱ्याला वाईट वाटत नाही. ते गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या एखाद्या फूड पँट्रीला जाईल आणि कुणाच्या तरी पोटात पडेल. घेतलंत तर मात्र नीट करा.

हे सगळं इथल्या व्हाइटटेल हरणाबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी असं माझं ठाम मत आहे. तिकडे कुणी एखाद्या ढाब्यावर कानात येऊन “स्पेशल मटण” सांगितलं तर तिथून उठा. विस्कॉन्सिनची गोष्ट वेगळी आहे. इथे हरणं इतकी वाढली आहेत की दर वर्षी परवाने देऊन, मोजून शिकार होते.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात १२० कॅलरी, जवळजवळ २३ ग्रॅम प्रथिनं आणि फक्त २.४ ग्रॅम चरबी असते. त्यातली संपृक्त चरबी एक ग्रॅमच्याही आत. लोह ३.४ मिलिग्रॅम, जस्त २ मिलिग्रॅम, बी-१२ सहा मायक्रोग्रॅमच्या वर. कर्बोदकं शून्य, म्हणजे मधुमेह असलेल्यांना मांसाची चिंता नको, सोबतच्या भाताची करावी.

नुसते आकडे वाचून काही उमजत नाही, म्हणून शेजारी दुसरे ठेवून बघा. कोंबडीच्या छातीच्या मांसात कॅलरी, प्रथिनं आणि चरबी जवळपास तेवढीच, पण लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. इथल्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या ८०/२० बीफच्या, म्हणजे वीस टक्के चरबीच्या, खिम्यात २५४ कॅलरी आणि २० ग्रॅम चरबी. मेंढीचा खिमा त्याच्याही पुढे, २८० कॅलरींच्या आसपास. आणि आपलं बोकडाचं मटण? चरबी काढलेल्या बोकडाच्या मांसात १०९ कॅलरी, साडेवीस ग्रॅम प्रथिनं, २.३ ग्रॅम चरबी आणि २.८ मिलिग्रॅम लोह. म्हणजे हरीण आणि बोकड हे पोषणाच्या दृष्टीने सख्खे शेजारी. फरक पडतो तो आपण मटण आणतो कसं यात. खाटकाकडून आपण चरबीचे तुकडे मुद्दाम मागून घेतो, आणि रस्सा त्या चरबीवर उभा राहतो. हरणाच्या पाकिटात ती नसते. मग बाई तेलाची बाटली उचलते, आणि सगळं गणित तिथे बिघडतं.

एक पाउंडाचं पाकीट, म्हणजे ४५४ ग्रॅम. त्यातली मांसाची स्वतःची चरबी साधारण ११ ग्रॅम. आपण सवयीने चार मोठे चमचे तेल घातलं की ५४ ग्रॅम झाली. वर अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून वाटलं, त्याची आणखी पंचवीसेक. जे मांस कमी चरबीचं म्हणून कौतुकाने शिजवायला घेतलं, त्याच्या रश्श्यात त्याच्या सातपट चरबी आपण बाहेरून घातलेली असते. कट आलेला रस्सा मलाही आवडतो आणि सणावारी तो जरूर करावा. पण “डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय म्हणून हरीण आणलं” असं म्हणणाऱ्या माणसाच्या ताटात तो कट काय कामाचा?

कोलेस्टेरॉलबद्दल इथेच सांगते, कारण इंटरनेटवर वाचून लोक घाबरतात. हरणाच्या १०० ग्रॅम मांसात ८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, बोकडापेक्षा जास्त. तरी बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं, आणि ती इथे फार कमी आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

शिजवण्याआधी देणाऱ्याला काय विचारायचं

पहिला प्रश्न: “टेस्ट केली का?” क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथे सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात, हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही आमच्याच मॅडिसनच्या पश्चिमेच्या भागात. माणसाला तो झाल्याचं एकही उदाहरण आजवर नोंदलेलं नाही. पण रोग प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि प्रिऑन शिजवून मरत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी. म्हणून सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला साधा आहे: रोगाच्या भागातलं हरीण तपासून घ्यावं, निकाल पॉझिटिव्ह आला तर खाऊ नये. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे ही तपासणी फुकट होते. हा प्रश्न विचारणं इथे मुळीच उद्धटपणाचं नाही. चांगला शिकारी तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. निकाल यायचा असेल तर पाकीट फ्रीजरमध्ये ठेवा आणि थांबा. भेजा, डोळे, मणक्याचे तुकडे, प्लीहा आणि मांसातल्या गाठी कुठल्याही हरणाच्या खाऊ नका. बहुतेक लोक मांस हाडावरून सोडवूनच देतात, त्यामुळे नळीच्या शौकिनांची निराशा होते, पण ते त्यांच्या भल्यासाठीच आहे.

दुसरा प्रश्न गोळीचा. बाणाने मारलेलं असेल तर प्रश्नच मिटला. बंदुकीने मारलं असेल तर गोळी शिशाची की तांब्याची? शिशाची गोळी आत शिरताना फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात सीडीसी आणि तिथल्या आरोग्य खात्याने सातशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं न खाणाऱ्यांपेक्षा थोडं जास्त निघालं. मोठ्या माणसाला ते “थोडं” चालून जाईल, पण पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा कुठलाच डोस निर्धोक नाही. शिशाच्या गोळीचं मांस, त्यातही खिमा, गरोदर बाईला आणि सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं मी सांगते, आणि यात मी तडजोड करत नाही. स्वतः खायचं असेल तर रक्त साकळलेला, जखमेजवळचा भाग मोठा काढून टाका आणि ते मांस दही-लिंबात मुरवू नका; आंबटपणाने शिसं जास्त विरघळतं.

तिसरा प्रश्न आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहतो: “यात दुसरी चरबी मिसळली आहे का?” हरणाचा खिमा कोरडा होतो म्हणून इथले मांस कापून देणारे त्यात बीफची किंवा डुकराची चरबी घालतात. समर सॉसेज, ब्राट, स्नॅक स्टिक्स यांत तर ती जवळजवळ ठरलेलीच. बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्या किती घरांत हे नकळत खाल्लं जातं! आणि पोषणाचं म्हणाल तर चरबी घातलेला खिमा हा वर सांगितलेल्या आकड्यांचा खिमा राहत नाही. सॉसेजमध्ये भरीला मीठ भरपूर असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी त्याला हरणाचं मांस न समजता सॉसेजच समजावं. शेजारी पुढच्या वर्षी द्यायचं म्हणत असतील तर आधीच सांगून ठेवा, “आमच्यासाठी साधा खिमा, चरबी न घालता.”

चाकू

लोक म्हणतात हरणाला वास येतो. वास बहुतेक वेळा चरबीला असतो. हरणाची चरबी कडक, मेणासारखी. ताटात थोडी गार झाली की टाळूला आणि दातांना चिकटून बसते. ती ठेवून काही मिळत नाही, ना चव, ना पोषण. म्हणून मांस अर्धवट गोठलेलं असतानाच, म्हणजे बोट दाबलं तर किंचित दबतं अशा वेळी, फळीवर घ्या. पांढरी चरबी बोटांनी सुटते तेवढी ओढून काढा, उरलेली चाकूने. मग मांसावरचा चकचकीत, चंदेरी पापुद्रा दिसेल. चाकूचं टोक त्याच्या खाली घाला, पातं किंचित वर पापुद्र्याकडे रोखा आणि पापुद्रा दुसऱ्या हाताने ताणून धरत चाकू सरकवा. सवय झाली की तो लांब फितीसारखा निघतो. तो ठेवलात तर तुकडा तव्यावर आक्रसतो आणि वातड लागतो.

रात्रभर मिठाच्या पाण्यात किंवा दुधात भिजवायची पद्धत इथे आहे. मी करत नाही. बी गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी, ती थोडीफार त्या पाण्याबरोबर मोरीत जातात, आणि चरबी नीट काढलेली असली तर वासाचा प्रश्न उरतच नाही. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवणं पुरतं.

कुठला भाग कसा

पाकिटावर मार्करने लिहिलेलं वाचा, कारण सगळी चूक किंवा बरोबर तिथूनच ठरते. बॅकस्ट्रॅप म्हणजे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा लांब पट्टा, सगळ्यात मऊ. त्याचा रस्सा करणं म्हणजे त्याचा अपमान. बोटभर जाडीच्या चकत्या करा, मीठ, मिरपूड, थोडा कांदा-लसूण मसाला चोळा, बिडाचा तवा चांगला तापवा, एक चमचा तेल, दोन्ही बाजूंनी भाजा, काढून पाच मिनिटं झाकून ठेवा. इथले लोक आतून गुलाबी खातात. मी घरात ७१ अंश सेल्सिअसपर्यंत नेते, कारण रानातल्या हरणाच्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो. मांसात खुपसायचा थर्मामीटर इथे कुठल्याही दुकानात मिळतो, तो घ्याच. हरणाचं मांस मुळातच गडद लाल, म्हणून बोकडाचा रंग बघून “झालं” म्हणणारा आपला डोळा इथे फसतो.

स्ट्यू लिहिलेलं पाकीट म्हणजे खांदा, मान, पायाचे तुकडे. हे आपलं, कुकरचं. या भागात स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग जास्त असतो आणि मंद आचेवर तो विरघळून रश्श्याला दाटपणा देतो. अर्धा चमचा तेलात कांदा परतून मांस घाला, हळद-मीठ, पाणी, एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून पस्तीस-चाळीस मिनिटं. हे आळणी पाणी ओतून देऊ नका. मांसातून सुटलेली बी जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम त्यात आहे. आजाऱ्याला, बाळंतिणीला, भूक मेलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यात मिरपूड घालून वाटीभर द्या. उरलेल्यात तांबडा रस्सा करा: एक पाउंडाला दोन चमचे तेल आणि मूठभरच सुकं खोबरं, दाटपणासाठी भाजलेला कांदा, तीळ थोडे, आणि एक चमचा भाजलेलं बेसन. रंग मिरचीने येतो, तेलाने नाही.

मांडीचे तुकडे मात्र कुकरला फार वेळ ठेवू नका. तिथे विरघळायला काही नाही, त्यामुळे जास्त शिजले की सुंभासारखे धागे हातात येतात. ते पातळ कापून तव्यावर परतलेले बरे.

खिम्याचं सगळ्यात सोपं. आणि पोषणाच्या दृष्टीने माझा आवडता पदार्थ तोच: मेथी घालून सुका खिमा. दोन कांदे, आलं-लसूण, दोन टोमॅटो, खिमा मोकळा होईपर्यंत परतायचा, पाणी न घालता शिजवायचा, शेवटी मेथीची एक जुडी बारीक चिरून. वरून लिंबू. सोबत बाजरीची भाकरी.

हे ताट मी उगाच सांगत नाही. मांसातलं लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषतं, आणि त्याच घासाबरोबर मांस असलं की भाजी-भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला आणखी हातभार लावतं. १०० ग्रॅम शिजवलेल्या हरणात साडेचार मिलिग्रॅम लोह असतं. पन्नाशीच्या आतल्या बाईला इथल्या मापाने दिवसाला १८ लागतं, म्हणजे एका वाढपात पाव भाग झाला. जेवून उठल्याबरोबर चहा मात्र नको. चहा भाजीतलं, भाकरीतलं लोह अडवतो. तासभर थांबा.

बी-१२ साठी दुसरं सांगायचं आहे. आपल्याकडे बी-१२ कमी निघणारी माणसं खूप. रुग्णालयात मराठी, गुजराती आडनाव दिसलं की मी तो रिपोर्ट आधी बघते. दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि हरणात ते भरपूर आहे, पण आतडं एका वेळच्या जेवणातून दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या पुढे फारसं घेऊ शकत नाही. त्यामुळे रविवारी अर्धा किलो रिचवण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडं थोडं खाल्लेलं अंगी लागतं. रिपोर्ट फारच खाली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शन घ्या, रश्श्यावर विसंबू नका.

गरोदर बायकांसाठी वेगळं: मांस पूर्ण शिजलेलं, गोळी शिशाची नसलेली आणि काळीज, म्हणजे यकृत, अजिबात नाही. हरणाच्या काळजात अ जीवनसत्त्व इतकं असतं की ते गर्भाला बाधू शकतं. इतरांनीही काळीज कधीतरी, थोडं. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, गाउटचा त्रास असणाऱ्यांनी हे लाल मांसच धरावं आणि त्याच हिशोबाने खावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांची मर्यादा आधी विचारून घ्या. शरीरात लोह साठत जाण्याचा आजार असणाऱ्यांनी हे टाळलेलं बरं.

शिकारी शेजारी नसेल तर दुकानात मिळतं ते फार्मवर वाढवलेल्या हरणाचं, बहुतेकदा न्यूझीलंडहून आलेलं. तिथे हरीण मूळचं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेलं, रानात बेसुमार वाढलं, आणि १९६९ मध्ये त्याची शेती कायदेशीर झाली. ते लाल हरीण कुरणावर चरतं, चरबी तशीच कमी, चव सौम्य, गोळीची भानगड नाही. महाग असतं. गरोदर मुलीला खायची इच्छा झालीच तर मी हेच आणायला सांगते.

राहिलं फ्रीजरचं. उणे १८ अंशाला मोठे तुकडे वर्षभर चांगले राहतात, खिमा तीन-चार महिन्यांत संपवा. गोठवल्याने परजीवी कमी होतात, पण त्यावर भरवसा ठेवून कमी शिजवू नका. वितळवायचं ते फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही. शिजवलेलं वाढताना ताटं आधी गरम पाण्यातून काढून पुसून घ्या, म्हणजे चुकून राहिलेली चरबी टाळूला बसत नाही. आणि पाकीट घरी आलं की लगेच त्यावर तारीख, कुठला भाग, कुणी दिलं आणि टेस्टचा निकाल लिहा. निकाल न लिहिलेलं पाकीट मार्चमध्ये हाताला लागलं, तर देणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय ते उघडू नका.